ई-सायकल अडली? आधी ब्रेक तपासा

ई-सायकल बंद पडली, की पहिला संशय बॅटरीवर जातो. मात्र डिस्प्ले सुरू असूनही मोटर फिरत नसेल, तर आधी ब्रेकचा लिव्हर पाहावा. ब्रेक दाबताच मोटरचा पुरवठा तोडणारा स्विच अनेक सायकलींत तेथेच असतो. तो अडकला, की मोटर हलतच नाही. पावसाळ्यात कनेक्टरमध्ये शिरलेले पाणीही असाच घोटाळा करते; बॅटरी काढून ते कोरडे करावेत.

मल्टिमीटर त्यानंतर. ३६ व्होल्टची लिथियम-आयन बॅटरी पूर्ण चार्ज असता सुमारे ४२ व्होल्ट दाखवते. तेवढे दाखवूनही चढावर मोटर बंद पडत असेल, तर भार येताच व्होल्टेज कोसळत असण्याची शक्यता असते.

फुगलेली वा भिजलेली बॅटरी मात्र चार्जिंगला लावू नये, घरी उघडूही नये. आत शॉर्ट सर्किट होऊन लागलेली आग घरच्यांना आवरत नाही.