कोरोना विषाणू आणि श्वसनमार्गाचे अस्तर

मनुष्य दिवसाकाठी सुमारे 20 हजार वेळा श्वास घेतो. प्रत्येक श्वासाबरोबर धूळ आणि जंतू आत जातात. तरीही फुप्फुसे सहसा निर्मळ राहतात. याचे श्रेय श्वसनमार्गाच्या अस्तरातील पेशींकडे जाते. काही पेशी चिकट श्लेष्मा स्रवतात, तर काहींवर पक्ष्माभिका नावाचे अतिसूक्ष्म केस असतात. हे केस अखंड हलत राहून कचऱ्यासह श्लेष्मा घशाकडे लोटतात. कोविड-19 च्या विषाणूचा पहिला घाला या सफाई व्यवस्थेवरच पडतो.

कोरोना विषाणूंच्या कुळाला हे नाव 1968 साली मिळाले. त्यांच्या आवरणावर काट्यांसारखी प्रथिने असतात. 2019 च्या अखेरीस चीनमधील वुहान येथे आढळलेल्या विषाणूचा काटा पेशींवरील 'एसीई-2' या प्रथिनात कुलपात किल्ली बसावी तसा बसतो. पेशीचेच एक विकर तो काटा छाटते. त्यानंतर विषाणूचे आवरण पेशीच्या आवरणाशी एकरूप होऊन त्याची जनुकीय आज्ञावली आत शिरते. मग पेशीची यंत्रणा स्वतःची कामे सोडून विषाणूच्याच प्रती घडवू लागते.

परिणामी पक्ष्माभिका गळून पडतात, पेशी मरतात आणि सफाई थंडावते. अस्तराच्या तळाशी असलेल्या पेशींपासून नवे अस्तर तयार होते. परंतु तोवर इतर जंतूंना वाट मोकळी राहते. विषाणू वायुकोशांपर्यंत उतरल्यास, ते मिटू न देणारे द्रव्य स्रवणाऱ्या पेशीही नष्ट होतात. वायुकोशांत द्रव साचतो आणि प्राणवायू रक्तात मिसळण्यास अडथळा येतो. कित्येकदा शरीराच्या प्रतिकारयंत्रणेचा अतिरेक या हानीत भर घालतो. 2021 मधील दुसऱ्या लाटेत प्राणवायूची मागणी एकाएकी वाढली, तिचे मूळ येथे होते.

हा विषाणू पेशींची धोक्याची सूचना काही काळ दडपून ठेवतो. त्यामुळे लक्षणे दिसण्यापूर्वीच बाधित व्यक्तीकडून रोग पसरू शकतो. केवळ आजारी दिसणाऱ्यांना दूर ठेवणे म्हणूनच पुरेसे ठरत नाही. वर्गखोल्या व सभागृहांतील खेळती हवा आणि साथीच्या काळात मुखपट्टी यांचे महत्त्व यातूनच स्पष्ट होते. लसीमुळे शरीर काट्याला ओळखू लागते व गंभीर आजाराचा धोका कमी होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 5 मे 2023 रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. विषाणू मात्र नाहीसा झालेला नाही. त्याची कार्यपद्धती गावोगावी समजली, तर पुढील साथीत अफवांना थारा मिळणार नाही.