मेस्त: गोव्याच्या चर्चमधील उपेक्षित संगीतसेवक

आश्विनी पौर्णिमेस सोलापुराहून तुळजापुरास पायी निघालेल्या यात्रेकरूंचा ओघ ज्या तामलवाडीवरून जातो, तेथील वाचकास देवसेवेतील वादकाची ओळख करून देण्याचे प्रयोजन नाही. गोंधळ्याचा संबळ त्याने शेकडो वेळा ऐकलेला असतो, गोंधळ्याचे नाव मात्र क्वचितच विचारलेले असते. बरोक काळातील जर्मन चर्चचा सामान्य संगीतकार याच पंक्तीतला. ल्यूनेबुर्ग नगरीच्या सेंट जॉन चर्चमध्ये गेओर्ग ब्योम हा १६९८ पासून १७३३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ऑर्गन वाजवीत राहिला; आज त्याचे स्मरण होते ते बव्हंशी पोरवयातला, पुढे थोर संगीतकार झालेला बाख त्या नगरीत शिकावयास होता म्हणून. या वर्गाचा आपल्याकडील सहोदर शोधावयाचा, तर गोव्याच्या मेस्ताकडे वळले पाहिजे.

पोर्तुगीज अमदानीत, सोळाव्या शतकापासून, चर्चच्या आश्रयाने ज्या शाळा निघाल्या, त्या धर्मांतराच्या यंत्रणेचाच एक भाग होत्या, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. परंतु त्याच शाळांतून गावची पोरे धर्मपाठाबरोबर पाश्चात्त्य स्वरलेखन वाचू लागली आणि त्यांच्या हाती व्हायोलिन आले, हेही तितकेच खरे. शिकविणारा, गायकवृंद बसविणारा, सणाच्या मिस्सेस, नोव्हेनास व प्रेतयात्रेस वादकांची जमवाजमव करणारा, एवढेच नव्हे तर उपवासकाळासाठी प्रसंगी स्वतः मोतेत, म्हणजे भक्तिपर समूहगीते, रचणारा, असा हा एकच इसम मेस्त. कित्येक ठिकाणी शाळेच्या खर्चास गावकरीच्या, म्हणजे कोमुनिदाद या सामाईक ग्रामसंस्थेच्या, उत्पन्नातून हातभार लागे. आपल्याकडील वतनदारीशी या व्यवस्थेचे नाते ताडून पाहण्याजोगे आहे. वतनदारास निदान सनद तरी असे. मेस्ताची सारी भिस्त गावच्या मर्जीवर आणि पाद्रीबुवांच्या लोभावर!

माजोर्ड्याच्या चर्चमधील मेस्त जुझे आंतोनियो गोन्साल्विस यांचे नाव आज घेता येते ते त्यांच्या पुत्रामुळे. १९२७ साली जन्मलेला अँथनी बापाच्या तालमीत तयार झाला आणि १९४३ साली मुंबईस संगीतदिग्दर्शक नौशाद यांच्या वादकांत व्हायोलिनवर बसला. हिंदी चित्रपटांच्या संगीतदिग्दर्शकास चाल सुचे. पण ती पन्नास वादकांत वाटून द्यावयाची, तर स्वरलेखन लिहिणारा आणि ते पाहताक्षणी वाजविणारा मनुष्य हवा असे, आणि गोव्याच्या शाळांनी नेमकी तीच माणसे घडविली होती. अँथनी यांनी १९५८ साली स्वतःचा वाद्यवृंद उभारून भारतीय रागांवर रचना केल्या; लता मंगेशकर व मन्ना डे त्यात गायले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतदिग्दर्शक जोडीतले प्यारेलाल त्यांचे शिष्य. या शिष्याने १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये नायकाच्या मुखी गुरूचे नाव घातले, तेव्हा उभ्या हिंदुस्थानास ते पाठ झाले; मात्र त्या नावाचा खरा धनी हयात असून माजोर्ड्यास राहतो, याची दखल किती जणांनी घेतली? २०१२ च्या जानेवारीत ते वारले.

जुन्या मेस्तांच्या हस्तलिखित मोतेतांची बाडे ज्या घरांत अद्याप शिल्लक असतील, त्या घरच्यांनी वाळवी लागण्यापूर्वी त्यांच्या नकला करवून घ्याव्यात, आणि प्रत्येक बाडावर रचणाऱ्याचे नाव अवश्य लिहावे.