बाळाचं नाव: जुनं की नवं?

बाळकुममध्ये बारसं ठरलं की घुगऱ्यांच्या आधी चर्चा नावाची. आजी म्हणते, पणजीचं नाव चालवा. सुनेला हवं असतं मोबाइलवर सापडलेलं, आळीत दुसऱ्या कुणाचंच नसलेलं.

जुनं ते सगळं चांगलं, असं मी म्हणणार नाही. मूल जगावं, दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू, केरू अशी नावं ठेवत. त्यात माया होती. पण मुलीवर मुलगी झाली की शेवटचीला नकुशी म्हणत. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा दोनशेहून जास्त मुलींची नावं सरकारी समारंभात बदलली. तोवर शाळेत रोज हजेरीला त्या पोरींना कसं वाटलं असेल!

नव्या नावाला एकच कसोटी लावा: आजीला हाक मारता येते का? नाही तर ती आपली 'बाय' म्हणूनच बोलावणार. (आमच्याकडे निम्म्या पोरी बायच आहेत.)

वादात दाखला मात्र अडवू नका. ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत जन्माची नोंद २१ दिवसांत करायची; नाव ठरलं नसलं तरी ती होते. पुढे बारा महिन्यांपर्यंत नाव फुकट चढवता येतं, नंतर विलंब शुल्क पडतं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे सरकारी कागदावर आधी आईचं नाव येतं, मग वडिलांचं, मग आडनाव. सगळं सलग मोठ्याने म्हणून बघा. आणि इंग्रजी स्पेलिंग घरूनच चिठ्ठीवर लिहून न्या. दाखल्यावरचं तेच पुढे शाळेत, आधारवर, बँकेत जातं.