गार लागलेला शॉकअप

मोलगीला गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि आधी मागच्या चाकाशी वाकून खाली हात घातला. उजवा शॉकअप चांगलाच तापला होता, हात फार वेळ ठेववत नव्हता. डावा गार. पहाटे गोडादऱ्याहून निघताना होता तसाच. भाच्याला म्हटलं, तूही हात लावून बघ. त्याला वाटलं, तापलाय तोच बिघडला असणार. खरं तर उलटं असतं. शॉकअपचं कामच तापण्याचं. चाक उसळलं की आतला दट्ट्या तेलाला बारीक भोकांतून रेटतो. तेल घुसळलं जातं, उसळीची ताकद उष्णता होते आणि नळीच्या पत्र्यातून हवेत निघून जाते. देवगोईचा अख्खा घाट चढून आल्यावरही जो गार राहिला, त्यानं वाटभर काही केलेलंच नाही.

आमची गाडी बोलेरो कॅम्पर, चारही चाकांना ओढ असलेली. पासिंग जीजे-०५. आठवडाभर ती सुरतेत ग्रे कापडाचे ताके वाहते, सारोलीहून पांडेसऱ्याच्या मिलला आणि मिलवरून परत. गोडादरा, लिंबायत, डिंडोली, उधना या पट्ट्यात खानदेशी माणूस इतका आहे की महापालिकेच्या मराठी शाळा चालतात. आमचे वडीलही ताप्ती लाइनच्या गाडीनं असेच इकडे आले आणि मागावर लागले. पण गाव सुटलेलं नाही. महिन्यातून दोनदा तरी गाडी नेत्रंग, डेडियापाडा, सागबारा करत अक्कलकुव्याला जाते आणि तिथून घाट चढून वर. जाताना सिमेंट, पाइप, पत्रे. येताना हंगामाप्रमाणं धडगावचा आमचूर नाहीतर मोलगीची भगर. अक्कलकुव्यापर्यंत महामार्ग आहे. मोलगीच्या पुढं पाड्यांकडे वळलं की दगड, नाल्यांचे उतार आणि पन्हळी पत्र्यासारखा झालेला मुरूम. शॉकअपला मोठ्या खड्ड्यापेक्षा ही बारीक पन्हळच जास्त छळते. खड्डा एकदाच आपटतो. पन्हळीवर दट्ट्याला क्षणभर उसंत मिळत नाही, तेल तापून पातळ होतं, त्यात हवा मिसळून फेस धरतो आणि फेसातून दट्ट्या सहज वरखाली व्हायला लागतो. गाडी तरंगल्यासारखी वाटते ती तेव्हा.

परत आल्यावर गाडी थेट कॅनॉल रोडच्या गॅरेजला नेली. मिस्त्री मूळचे साक्रीकडचे, सगळे त्यांना नाना म्हणतात. त्यांनी गाडीखाली बघायच्या आधी मला विचारलं, "वजन किती टाकतोस?"

"एक टन."

"खरं सांग भो."

"कधी सव्वा होतं, नाना."

ते ऐकूनच त्यांनी मागच्या स्प्रिंगचे पाटे मोजले. गेल्या पावसाळ्याआधी मी दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवून घेतला होता, कमानही मारून घेतली होती. गाडी मागून दीड इंच उचलली गेली, माल भरला तरी बसेना, मी खूश होतो. पुढं दोन महिन्यांत मूळचे शॉकअप गळायला लागले. मग एका दुकानातून नवे म्हणून जोडी घेतली. काळा रंग, वर स्टिकर, दिसायला एकदम झकास. ती जोडी म्हणजे जुन्याच नळ्यांत तेल भरून झाळलेला माल होता, हे मोलगीच्या दुसऱ्या फेरीत कळलं. दुकानदारावर माझा राग होताच. नानांनी तो अर्धा केला. म्हणाले, त्यानं फसवलं हे खरं, पण तू अस्सल माल बसवला असतास तरी तो मेला असता, थोडा उशिरानं.

त्यांनी गार लागलेला शॉकअप खोलून काढला, तो व्हाइसमध्ये धरला आणि वरच्या बाजूनं हॅक्सॉनं कापला. हा साध्या तेलाचा होता म्हणून कापता आला. गॅसवाल्याला करवत लावायची नाही, आत दाब असतो. थाळीत तेल ओतलं तेव्हा जेमतेम अर्धा पेला निघालं, काळं आणि अभ्रकाची पूड टाकल्यासारखं चमचमणारं. ती चमक म्हणजे झिजलेलं लोखंड. दट्ट्याच्या तोंडाशी नाण्याएवढ्या पातळ पोलादी चकत्या एकावर एक असतात. तेलाचा रेटा आला की त्या कडेनं वाकतात आणि वाट देतात. एक चकती मोडून पडली होती. नळीचं वरचं टोक, जिथं शॉकअप पूर्ण उघडल्यावर दट्ट्या अडतो, तिथं घण मारल्यासारखं चेपलेलं.

"हे बघ. हा लांबीला कमी पडला."

मी एवढी वर्षं गाडी चालवतो, पण ही गोष्ट तेव्हा पहिल्यांदा नीट समजली. शॉकअप वजन उचलत नाही. वजन पाटे उचलतात. पाटा दबून परत उसळतो, ती उसळी आवरणं एवढंच शॉकअपचं काम. कडक शॉकअप बसवला की जास्त माल बसतो, असं आमच्या स्टँडवर निम्मे ड्रायव्हर आजही ठामपणे सांगतात, मीही सांगत होतो. कमान वाढवली तेव्हा चाक पूर्वीपेक्षा खाली लोंबायला मोकळं झालं. नाल्यात एक चाक अधांतरी झालं की मागच्या आसाचं जड हाउसिंग खाली जायचं, आणि त्याला शेवटी धरून ठेवायचा तो शॉकअपचा दांडा. प्रत्येक नाल्यात एक हिसका. दुकानात मी गाडीचं नाव सांगून माल मागितला होता. पण माझी गाडी आता त्या नावाची राहिली नव्हती.

मग मापं घेतली. सगळ्या निवडीचा जीव या अर्ध्या तासात होता, म्हणून सविस्तर लिहितो. दोन्ही बोल्टांच्या मध्यापासून मध्यापर्यंत टेप धरायची. गाडी रिकामी जमिनीवर उभी असताना १६ इंच आलं. मग चेसिसला जॅक लावून चाक जमिनीवरून सुटेपर्यंत उचललं, पाटा पूर्ण मोकळा झाला तेव्हा साडेएकोणीस. उरलं सगळ्यात कमी माप. चेसिसखाली रबराचा गट्टू असतो, हाउसिंग वर येऊन त्याच्यावर टेकतं. पाटा दाबून तिथवर न्यायचा तर माल हवा. शेजारच्या गोदामातून ताके आणून हौदा भरला, तेव्हा माप साडेचौदावर आलं, आणि गट्टूपर्यंत उरलेली फट दीड इंच भरली. म्हणजे १३. नानांचा हिशेब सरळ होता. उघडल्यावर साडेएकोणीसपेक्षा अर्धा इंच जास्त, मिटल्यावर तेरापेक्षा अर्धा इंच कमी. खाली लोंबताना पाट्यानं आधी थांबावं, वर दबताना गट्टूनं आधी थांबवावं, शॉकअपनं कुठंच थांबवू नये. वीस आणि साडेबारा, एवढे दोन आकडे मी हातावर लिहून घेतले.

दुसऱ्या दुकानात भाच्याचा जीव एका पिवळ्या, बाहेरच्या देशातल्या शॉकअपवर बसला. एकनळी, आत नायट्रोजन दाबून भरलेला. ही रचना फ्रान्सच्या द कार्बों नावाच्या संशोधकाची, आणि १९५७ पासून जर्मनीत बिल्श्टाइननं ती मर्सिडीजसाठी बनवायला घेतली. चीज उत्तमच आहे. तेल आणि गॅस यांच्यामध्ये सरकता पडदा असल्यामुळं फेस होत नाही, आणि तेलाची नळी थेट वाऱ्याला लागून असल्यामुळं ती लवकर निवते. पण तोच तिचा धोका. बाहेरची नळी हीच दट्ट्याची वाट. मोलगीपलीकडचा एखादा दगड उडून पत्रा जरा जरी चेपला, की दट्ट्या तिथं अडतो आणि शॉकअप संपला. दोननळीत आतली नळी वेगळी, बाहेरची वेगळी. बाहेर पोचा पडला तरी आतलं काम बहुधा चालू राहतं. भाच्याची गाडी असती आणि ती रेतीवर पळवायची असती तर मी त्याला एकनळीच घेऊ दिली असती. दगडांच्या वाटेला मला दोननळी बरी वाटली, जरा जाड अंगाची आणि हलका गॅस भरलेली, म्हणजे फेसाचाही बंदोबस्त होतो.

घेतला तो गेब्रिअलचा. १९६१ साली मुलुंडला गेब्रिअल इंडिया सुरू झाली, तेव्हापासून आपल्याकडच्या गॅरेजांत हे नाव शॉकअपशी जोडलं गेलंय. मूळ नावाची गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या क्लॉड फॉस्टरनं मोटारीचा भोंगा काढला होता, त्याला तुतारी फुंकणाऱ्या देवदूताचं नाव दिलं. पुढं त्यानं गाडीच्या हिसक्यांवर एक पट्टा काढला. पाटा दबताना तो पट्टा सैल, उसळून परत येताना आवळायचा. म्हणजे परतीची उसळी धरायची असते, हे त्याला तेव्हाच उमगलं होतं. आजच्या शॉकअपमध्येही तेच दिसतं. दुकानातच उभा धरून दोन्ही हातांनी बघितलं. दाबायला बेताचा, ओढायला चांगलाच जड, आणि ओढताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा. मध्येच सैल पडला तर घ्यायचा नाही. दाबून सोडल्यावर दांडा आपोआप हळूहळू वर आला, म्हणजे गॅस आहे.

बसवायच्या आधी नानांनी दोन्ही शॉकअप उभे धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबले, ओढले. गोदामात ते आडवे पडून असतात, त्यामुळं आतल्या नळीत हवा शिरते. तशीच बसवली की पहिले काही मैल खटखट येते आणि माणूस म्हणतो, नवा माल खराब निघाला. जोडी दोन्ही बाजूंची बदलली, गरम लागणारा उजवाही काढला, कारण तोही त्याच झाळलेल्या जोडीतला. एक जोरकस आणि एक ढिला असला तर ब्रेक मारताना मागची बाजू एकीकडे ओढते. आणि बोल्ट शेवटचे आवळले ते जॅक काढून, चाकं जमिनीवर टेकल्यावर. लोंबत्या स्थितीत आवळले तर आतला रबरी बुश कायम पिळलेला राहतो आणि वर्षाच्या आत फाटतो. भाचा जॅकवरच पाना लावायला निघाला होता, नानांनी त्याचा हात धरला.

जायच्या आधी त्यांनी शाळेतला पांढरा खडू घेतला आणि दोन्ही रबरी गट्टूंची खालची बाजू घासून पांढरी केली. का ते सांगितलं नाही. फक्त म्हणाले, वरून आलास की दाखव.

पुढच्या फेरीला सिमेंटच्या २० गोण्या होत्या, बरोबर एक टन. यावेळी मी एकही वाढवली नाही. मोलगीच्या पुढं दोन नाले ओलांडून पाड्यावर पोचलो, हात घातला. दोन्ही शॉकअप सारखेच कोमट, पोळणारे नाहीत. मग टॉर्च घेऊन पाठीवर सरकत आत गेलो. हाउसिंगच्या डाव्या बाजूला खडूचा ठसा उमटला होता, रुपयाएवढा. उजवीकडे त्याहून फिकट.

गोडादऱ्याला परतल्यावर नानांनी तो ठसा बोटानं पुसला, गट्टूला परत खडू लावला आणि म्हणाले, "आता सव्वा टन टाकून ये, मग बघू पाटा काय म्हणतो."