सगळ्यांची ‘शुगर’ सारखी नसते : मधुमेहाचे प्रकार आणि आपल्या वस्त्या

बाबासाहेबांना मधुमेह होता, हे आपल्या समाजात शाळकरी मुलालाही माहीत असते. ६ डिसेंबरच्या प्रत्येक भाषणात त्याचा उल्लेख होतो. पण मधुमेह किती प्रकारचा असतो आणि आपल्या घरातल्या माणसाला कोणता आहे, हे विचारले तर हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, कुठल्याही तालुक्यातल्या वस्तीत एकच उत्तर मिळते : “शुगर आहे.” हे उत्तर अपुरे आहे. प्रकार वेगळा असेल तर उपचारही वेगळा लागतो आणि चुकीच्या उपचाराने माणूस दगावू शकतो.

सुरुवात बाबासाहेबांपासूनच करू. १९४०च्या दशकाच्या अखेरीस, संविधानाच्या मसुद्याचे काम चालू असताना, त्यांना झोप लागत नव्हती, पायांत मज्जातंतूंच्या असह्य वेदना होत्या आणि इन्सुलिन घ्यावे लागत होते. मुंबईत उपचार घेताना त्यांची डॉ. शारदा कबीर यांच्याशी ओळख झाली आणि १५ एप्रिल १९४८ रोजी दोघांचा विवाह झाला. पुढे माईसाहेबांवर समाजात बरेच वाद झाले, तो विषय इथे नको. प्रश्न एवढाच की इन्सुलिन घ्यावे लागत होते म्हणजे त्यांचा मधुमेह ‘टाईप १’ होता का? तसे म्हणता येत नाही. मधुमेहाच्या आजच्या गोळ्या तेव्हा नव्हत्या. १९२२ साली माणसाला पहिल्यांदा दिले गेलेले इन्सुलिन आणि पथ्य हेच काय ते हाताशी होते.

हा खुलासा करायचे कारण असे की आमच्याकडे लोक इन्सुलिनला शेवटची पायरी समजतात. “सुई लागली म्हणजे संपलं” हे वाक्य आम्ही घरोघरी ऐकतो. खरे तर कोणाला किती इन्सुलिन लागेल, हे मधुमेहाच्या प्रकारावर आणि स्वादुपिंडात किती ताकद उरली आहे यावर ठरते.

टाईप १ मध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. हा बहुधा मुलांना आणि तरुणांना होतो, मोठेपणीही होऊ शकतो. गोड खाल्ल्याने हा होत नाही, आईबापाच्या चुकीनेही नाही. मूल सारखे पाणी पिते, रात्री लघवीला उठते, खाऊनपिऊन वाळत जाते. मग उलट्या, पोटदुखी आणि खोल, जोरजोरात श्वास सुरू होतो. या टप्प्यावर घरचे कधी पोटाचे औषध देतात, कधी ‘बाहेरचं’ म्हणून उतारा करतात. इथे तासांचा हिशेब असतो. असे मूल दिसले की आधी बोटातून रक्त घेऊन साखर तपासा आणि थेट मोठ्या रुग्णालयात न्या. या मुलांना रोज, आयुष्यभर इन्सुलिन लागतेच. वसमतची हळद नावाजलेली आहे, ती भाजीत जरूर घाला. पण हळदीचे पाणी किंवा कोणा वैदूची पुडी देऊन मुलाचे इन्सुलिन बंद करणे म्हणजे त्याला मारणे आहे. हे आम्ही मुद्दाम कडक शब्दांत लिहितो.

टाईप २ सर्वांत जास्त आढळतो. यात इन्सुलिन बनते, पण शरीर त्याला नीट दाद देत नाही आणि हळूहळू ते कमीही पडू लागते. हा खात्यापित्या, पोट सुटलेल्या माणसांचा आजार, अशी समजूत आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाने ती खोटी ठरवली. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांनी गरोदर माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, इंग्लंडमधल्या बाळांचे ३.५ किलो. बाळे छोटी, स्नायू कमी, पण पाठीच्या त्वचेखालची चरबी जवळपास इंग्रज बाळांइतकीच! म्हणजे वरून बारीक, आतून चरबी. आईच्या पोटातच कमी पोषण मिळालेल्या अशा शरीराला पुढे बसके काम आणि बाजारचे खाणे मिळाले की मधुमेह लवकर गाठतो. पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या पोटाला कमी पडले, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडे मधुमेह हा श्रीमंतांचा आजार राहिलेला नाही.

याच धाग्यावर अलीकडे ‘टाईप ५’ची चर्चा आहे. (३ म्हणजे इतर कारणांचा, उदाहरणार्थ दारूने सुजलेल्या स्वादुपिंडामुळे किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड घेतल्याने झालेला, ४ म्हणजे गरोदरपणातला. पण हे आकडे दवाखान्यात फारसे कोणी वापरत नाही.) लहानपणापासून कुपोषित, हडकुळ्या तरुणांमध्ये आढळणाऱ्या मधुमेहाचे वर्णन १९५५ मध्ये जमैकात झाले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये त्याला वेगळा प्रकार मानले आणि १९९९ मध्ये यादीतून काढून टाकले. एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला ‘टाईप ५’ म्हणून मान्यता दिली. सगळ्या तज्ज्ञांचे यावर एकमत नाही. तरी मुद्दा महत्त्वाचा आहे : असा रुग्ण टाईप १ सारखा दिसतो, पण त्याला टाईप १ च्या हिशेबाने भरपूर इन्सुलिन दिले आणि घरात पोटभर खायला नसेल, तर साखर एकदम उतरून जीव जाऊ शकतो. भुकेने झालेला आजार वैद्यकशास्त्राच्या यादीतून पंचवीस वर्षे गायब राहतो, याचे समाजशास्त्रही कोणी तरी लिहायला हवे.

गरोदरपणातला मधुमेह बहुतेकदा लक्षणे न दाखवता येतो. आपल्याकडच्या सरकारी पद्धतीत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर पाहतात. १४० किंवा जास्त असेल तर मधुमेह धरतात. पहिल्या तपासणीला आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत ही चाचणी व्हायला हवी. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी परत तपासणी असते, तिला फारच कमी बायका जातात. त्या आईला पुढे टाईप २ होण्याचा धोका मोठा असतो.

आता जयंतीच्या शिबिरांविषयी. बोटातून रक्त घेऊन चिठ्ठी हातात देणे ही चाळणी झाली, निदान नव्हे. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, जेवणानंतर नव्हे तर ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी ६.५ किंवा जास्त, हे निकष. लक्षणे नसतील तर चाचणी पुन्हा करून खात्री करतात. एचबीए१सी मध्येही एक मेख आहे. अंगात रक्त कमी असेल किंवा सिकलसेल असेल तर हा आकडा फसवतो. आपल्या वस्त्यांत दोन्ही आढळतात, म्हणून डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. शिबिर घेणाऱ्या मंडळांनी फोटोइतकीच काळजी यादीची घ्यावी : कोणाची साखर जास्त निघाली, तो पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रात गेला का, हे पंधरा दिवसांनी घरी जाऊन विचारणारा एक कार्यकर्ता हवा. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाची तपासणी सरकारी कार्यक्रमातच आहे, आशाताईंना विचारा. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची यादी दिवाळीआधी वेगळी काढा. त्यांना गोळ्या जास्त दिवसांच्या मागून द्या, कागद सोबत द्या. फडावर फ्रिज नसतो. इन्सुलिनची बाटली डब्यात घट्ट बंद करून तो डबा ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात ठेवावा, बर्फाला चिकटवू नये. आणि चैत्यभूमीला निघणाऱ्या गाडीत मधुमेही माणसे असतील तर जेवणाची वेळ पाळा, खिशात साखरेची पुडी ठेवा, रांगेत त्यांना अनवाणी उभे करू नका. पायाला मुंग्या येणाऱ्या माणसाला खडा टोचलेला कळत नाही. रात्री मुक्कामी त्याचे तळवे दुसऱ्याने बॅटरी लावून पाहावेत.