चुंबकावर फुकट वीज? मग ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या वाऱ्याची वाट का बघतात?

टेबलावर कॉम्प्युटरमधला छोटा पंखा. त्याच्या वायरला जोडलेला एलईडी बल्ब. एक हात येतो, पंख्याच्या कडेला चुंबक धरतो. पंखा गरगर फिरायला लागतो, बल्ब पेटतो आणि स्क्रीनवर मोठी अक्षरं येतात: 'आयुष्यभर फुकट वीज!'

असे व्हिडिओ यूट्यूब, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅपवर वर्षानुवर्षं फिरत आहेत. बहुतेक जण बघतात, फॉरवर्ड करतात आणि विसरतात. पण काही व्हिडिओंच्या शेवटी फोन नंबर असतो. '5 किलोवॉटचं बिनइंधनाचं जनरेटर, आगाऊ बुकिंग सुरू, तालुक्याची एजन्सी घ्या.' मग ती नुसती करमणूक राहत नाही.

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात अशा जाहिरातीला गिऱ्हाईक का मिळू शकतं, हे समजायला फार डोकं लावावं लागत नाही. रात्रीच्या पाळीला थ्री फेज लाइट येणार, म्हणून थंडीत, बिबट्याच्या धास्तीने बॅटरी हातात घेऊन कांद्याला पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला कुणी 'विहिरीवर चुंबकाचं मशीन बसवा, दिवसा पाणी भरा' म्हटलं, तर तो ऐकून घेणारच. तो अडाणी असतो म्हणून नव्हे, त्याला गरज असते म्हणून.

आता हे मशीन चालू शकतं का? याचं उत्तर शोधायला साक्री तालुक्याबाहेर जायचीही गरज नाही.

चुंबक तेच, वारा पडला की वीज शून्य

ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांगच्या रांग उभी आहे. त्यांच्या डोक्यावरच्या पेटीत जनित्र असतं आणि जनित्रात चुंबकत्व असतंच. कुठे कायमचा चुंबक बसवलेला असतो, कुठे तारेच्या वेटोळ्यातून वीज सोडून चुंबक तयार केलेला असतो. म्हणजे 'चुंबकापासून वीज होते' हे वाक्य खोटं नाही. ते अर्धं आहे, आणि सगळी गडबड उरलेल्या अर्ध्यात आहे.

वारा पडला की पाती थांबतात. चुंबक जागेवरच असतो, तांब्याची वेटोळीही तिथेच असतात. वीज मात्र शून्य. चुंबकाच्या अंगी स्वतःची वीज देण्याची ताकद असती, तर कोट्यवधी रुपये खर्चून एवढे उंच मनोरे उभारायची आणि वाऱ्याची वाट बघायची गरजच नव्हती. चुंबक या व्यवहारात दलाल आहे. वाऱ्याकडून फिरण्याची ऊर्जा घेतो, तारेला वीज म्हणून देतो. स्वतःच्या खिशातून काही घालत नाही.

पटत नसेल तर घरातल्या एखाद्या जुन्या माणसाला सायकलच्या डायनॅमोबद्दल विचारा. डायनॅमो टायरला टेकवला, पुढचा दिवा लागला, की पॅडल जड व्हायचं. त्या डायनॅमोतही चुंबकच फिरायचा. दिव्याला वीज जायला लागली की तीच वीज चुंबकाच्या फिरण्याला विरोध करते. भौतिकशास्त्रात याला लेंझचा नियम म्हणतात. पायाला जो जास्तीचा भार लागायचा, तीच दिव्याची किंमत होती. जनित्रावर जितका मोठा लोड टाकाल, तितकं ते फिरवणं जड होत जातं. विहिरीवरची मोटर जोडली तर किती जड होईल, याचा अंदाज करा.

मग चुंबक चुंबकाला ढकलतो, त्याचं काय?

व्हिडिओवाल्यांचा खरा दावा इथे असतो. दोन चुंबकांची सारखी टोकं समोर आणली की ती एकमेकांना ढकलतात. हा धक्का हाताला जाणवतो, त्यात खोटं काही नाही. मग चाकावर चुंबक लावून ते या धक्क्यावर कायम फिरत का ठेवता येऊ नये?

साक्रीहून नवापूरकडे जाताना कोंडाईबारीचा घाट लागतो. उतारावर गाडी न्यूट्रल केली तरी ती पळते. (करू नका, ब्रेक तापतात.) पेट्रोल न जाळता गाडी पळाली, हे खरं. पण दहिवेलला परत यायचं तर तोच घाट चढावा लागतो, आणि उतरताना जे फुकट मिळालं असं वाटलं, ते चढताना पेट्रोलच्या रूपाने भरावं लागतं.

चुंबकाचं बळ नेमकं असंच वागतं. चाकावरचा चुंबक दुसऱ्या चुंबकाकडे ओढला जातो तेव्हा तो उतारावर असतो, त्याला वेग मिळतो. तिथून सुटून पुढे जाताना तीच ओढ त्याला मागे खेचते. तो चढ. चुंबक तिरके लावा, कमी-जास्त लावा, चाकावर पन्नास लावा. पूर्ण फेरी मारून चाक जिथून निघालं तिथे परत आलं, की सगळे चढ आणि सगळे उतार यांची बेरीज शून्य होते. वर बेअरिंगचं घर्षण आणि हवेचा अडथळा. म्हणून अशी चाकं हाताने दिलेल्या झटक्यावर काही वेळ फिरतात आणि थांबतात. व्हिडिओ मात्र त्याआधीच संपतो.

दुसरा प्रकार मोटर आणि जनरेटर एकमेकांना जोडण्याचा. मोटरने जनरेटर फिरवायचं, जनरेटरच्या विजेवर मोटर चालवायची. दोन्ही यंत्रं 85 टक्के कार्यक्षम आहेत असं धरू. 100 युनिट ऊर्जा घातली तर पहिल्या फेरीनंतर 72 उरतात, दुसरीनंतर 52, तिसरीनंतर 38. विहिरीवर न्यायला काय शिल्लक राहिलं?

कुणी म्हणेल, चुंबकातच ऊर्जा साठवलेली असते, ती वापरू. असते, पण किती? एक किलोच्या जोरदार निओडिमियम चुंबकातली सगळी चुंबकीय ऊर्जा काढता आली, तरी ती फार तर काही दहा ज्यूल भरेल. त्यावर 9 वॉटचा एलईडी बल्ब काही सेकंद पेटेल. आणि तीही फुकटची नव्हे. कारखान्यात तो चुंबक तयार करताना विजेचा जोरदार झटका देऊनच त्यात भरलेली.

व्हिडिओतला पंखा फिरतो कसा, याची उत्तरं साधी आहेत. पंख्याच्या मधल्या गोल भागात किंवा टेबलाखाली बॅटरी लपवता येते. कॅमेऱ्याबाहेरून हवा मारता येते. छोट्या एलईडीला एक वॉटही लागत नाही, त्यामुळे बोटाएवढा सेल तासन् तास पुरतो.

खानदेशातलं नऊशे वर्षांपूर्वीचं चाक

या विषयाचा एक जुना धागा खानदेशातून जातो. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. त्याच्या यंत्राध्यायात त्यांनी एका चाकाचं वर्णन केलं आहे: हलक्या लाकडाचं चाक, पोकळ आरे, ते अर्धे पाऱ्याने भरलेले, आणि दोन खांबांवर ठेवलं की आपोआप फिरणारं. त्यांच्याही आधी ब्रह्मगुप्तांनी अशीच कल्पना मांडली होती. भास्कराचार्यांचं जन्मगाव नेमकं कोणतं यावर अभ्यासकांत वाद आहे, पण त्यांचा नातू चंगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या 1207 च्या शिलालेखात आहे. तो लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला.

'पूर्वजांना फ्री एनर्जी माहीत होती' अशा पोस्टमध्ये हे चाक हमखास येतं. पण ते चाक फिरत राहू शकत नाही. एका बाजूला पारा आसापासून लांब सरकतो, पण थोड्या आऱ्यांत. दुसऱ्या बाजूला तो आसाजवळ असतो, पण जास्त आऱ्यांत. तराजू समतोल होतो आणि चाक थांबतं.

यात भास्कराचार्यांना कमीपणा येत नाही. ऊर्जा तयार होत नाही आणि नष्टही होत नाही, हा नियम मायर, ज्यूल आणि हेल्महोल्ट्झ यांनी 1840 च्या दशकात मांडला, म्हणजे जवळपास सातशे वर्षांनंतर. आज मशीन विकणाऱ्याला मात्र ही सबब नाही.

पॅरिसच्या विज्ञान अकादमीने तर 1775 मध्येच अशा यंत्रांचे दावे तपासणं बंद केलं. तरी दावे थांबले नाहीत. 2006 मध्ये स्टिऑर्न या डब्लिनच्या कंपनीने 'द इकॉनॉमिस्ट'मध्ये जाहिरात देऊन चुंबकांपासून फुकट ऊर्जा मिळवल्याचं सांगितलं. 2007 मध्ये लंडनला प्रात्यक्षिक ठेवलं, ते झालंच नाही. दिव्यांच्या उष्णतेने यंत्र बिघडलं, असं कारण देण्यात आलं. कंपनीनेच बोलावलेल्या तज्ज्ञांच्या समितीने 2009 मध्ये 'ऊर्जा निर्माण होताना दिसली नाही' असा निकाल दिला. या सगळ्यात गुंतवणूकदारांचे कोट्यवधी युरो गेले. 2016 मध्ये कंपनी बंद पडली.

'पेटंट आहे' म्हणाले तर?

भारतीय पेटंट कायदा, 1970 च्या कलम 3(अ) नुसार निसर्गाच्या प्रस्थापित नियमांच्या उघड विरोधातला दावा पेटंटला पात्रच नसतो. पेटंट कार्यालयाच्या मार्गदर्शिकेत याचं उदाहरण म्हणून अखंड फिरणाऱ्या यंत्रांचाच उल्लेख आहे. पण अर्ज कुणीही करू शकतो. अर्जाला क्रमांक मिळतो आणि साधारण 18 महिन्यांनी तो प्रसिद्धही होतो. जाहिरातीत दाखवलेला कागद बहुतेक वेळा एवढाच असतो. तो अर्जाचा कागद आहे, पेटंटचा नाही.

विक्रेत्याला विचारायचं ते सरळ विचारा. 5 एचपीच्या पंपाला साधारण 3.7 किलोवॉट लागतात. बॅटरी आणि इन्व्हर्टर काढून, बाहेरची एकही वायर न जोडता, तुमच्या विहिरीवर तुमचा पंप सलग दोन दिवस चालवून दाखवा, पैसे नंतर. यावर 'आधी बुकिंग करा' असं उत्तर आलं, तर फोन ठेवलेला बरा.

दिवसा पाणी देण्याची सोय हवी असेल तर शोधण्यासारखी वाट वेगळी आहे. साक्री तालुक्यातच शिवाजीनगरला महानिर्मितीचा 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प 2013 पासून आहे. शेतकऱ्यांसाठी 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत लाभार्थी हिस्सा 10 टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींसाठी 5 टक्के आहे. या योजनेच्या नावानेही खोट्या लिंक फिरतात, त्यामुळे अर्ज महावितरणच्या अधिकृत पोर्टलवरच करा.

ऑनलाइन पैसे आधीच पाठवले असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम गोठवणं अवघड. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, समोरच्याचा नंबर आणि व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवा. चॅट डिलीट करू नका.