साताऱ्याचे महाविद्यालय : आधी पंगत, मग वर्ग

महाविद्यालय काढायचे म्हटले की आपण प्रथम जागा पाहतो, मग देणगीदार. साताऱ्याला १९४७ साली छत्रपती शिवाजी महाविद्यालय उघडले, त्याची सुरुवात मात्र स्वयंपाकघरापासून झाली होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी तिथले बोर्डिंग १९२४ मध्येच काढले होते.

हा क्रम का, ते पाहा. सातारा भागातल्या शेतकऱ्याच्या मुलाला हायस्कूलनंतर पुणे, कोल्हापूर नाहीतर सांगली गाठावी लागे. फी एखादे वेळी माफही होई. पण परगावी दोन वेळचे जेवण कोण घालणार? गाडे अडत होते ते इथे. (रोग्याची तक्रार एक आणि दुखणे दुसरे, हे आम्हा वैद्यकवाल्यांना नवे नाही.) म्हणून आधी बोर्डिंग, आणि त्यात सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीला. एकदा कोठी रिकामी झाली तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडले. १९२७ साली गांधीजींनी या बोर्डिंगला शाहू महाराजांचे नाव दिले.

भाऊराव कुंभोजचे, जन्माने जैन. आमच्या समाजाला त्यांचा अभिमान आहे. पण विद्यार्थिदशेत ते अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आले, परतल्यावर स्नान करायला तयार होईनात, म्हणून कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगातून त्यांना बाहेर पडावे लागले, हेही आम्ही सांगितले पाहिजे. पंगतीचा आग्रह तिथून आला.

बोर्डिंगनंतर शिक्षक हवेत, म्हणून १९३५ साली अध्यापक विद्यालय. मग हायस्कूल, त्याला नाव बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे. मुले तयार झाली तेव्हा महाविद्यालय. तिथे 'कमवा आणि शिका' ही सोय होती : गरीब विद्यार्थ्याने रोज काही तास अंगमेहनत करायची, त्यातून त्याचा खर्च भागायचा. ही भीक नव्हे, म्हणून मान ताठ राही. स्वावलंबी शिक्षण हे रयत शिक्षण संस्थेचे ब्रीदच आहे.

आपल्या गावांतून मराठी शाळांचे वर्ग ओस पडत असताना आपण वर्गणी काढतो ती बहुधा रंगरंगोटीसाठी. कोणते मूल कशामुळे येत नाही, हे विचारायला त्याच्या घरी किती जण जातात?

साताऱ्यात शिकलेली पुष्कळ मुले पुढे संस्थेच्याच खेड्यांतल्या शाळांवर मास्तर झाली. १९५४ साली कऱ्हाडलाही महाविद्यालय निघाले. त्याला नाव दिले गाडगे महाराजांचे.